आलापल्लीच्या बाजारची गोळी

"आधी पत्ता, मग हात."

सुई उचलण्याआधी ती हे म्हणायचीच. पत्ता म्हणजे गोळ्यांचा चमकता पत्ता. घरात जी गोळी चालू असेल तिचा पत्ता आणून टेबलावर ठेवायचा, मगच दंड पुढे करायचा. तोंडी सांगितलेलं तिला चालत नसे. कोणी म्हणालं, "पांढरी हाये, गोल हाये," की ती म्हणायची, "चंद्रबी पांढरा हाये, गोल हाये. पत्ता आणा." कोसभर चालत आलेला माणूस परत घरी धाडला तर तो चिडणारच. तुमच्याही गावात अशी एखादी सरकारी बाई असेल. सगळे तिच्यावर चरफडतात आणि ताप चढला की पहिले तिच्याकडेच धावतात. आमच्या अहेरीकडच्या आरोग्य केंद्रात ही सिस्टर होती.

तिच्यावर चरफडणाऱ्यांत मी पहिली. माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी चारोळी, डिंक, हिरडा विकत घेणारी बाई. डोक्यावर टोपली घेऊन सुरुवात केली आणि पुढे स्वतःची जीप घेतली. सोमवारी एका गावचा बाजार, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे पाच बाजार करायची. माझ्याशी भाव करताना भले भले व्यापारी घाम पुसत. आवाज मोठा, डोकं गरम, आणि 'नाही' ऐकायची सवय नाही.

पन्नाशी ओलांडली आणि बोटांचे सांधे सुजायला लागले. सकाळी तराजू धरवेना. नागपूरच्या डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. एक रोजची, दुसरी आठवड्यातून एकदाच. औषधाच्या दुकानातला माणूस आमच्याच भागातला निघाला. त्यानं माझ्या भल्यासाठी सांगितलं, "आठवड्याची गोळी बाजाराच्या दिवशी घेत जा, मावशी. म्हंजे विसरणार नाई." आमच्याकडे लोक आठवडा बाजारावरूनच मोजतात. त्याचं काही चुकलं नाही. पण त्याच्या गावाला बाजार एक होता आणि मला पाच.

मी पाचही बाजारी इमानदारीनं गोळी घेतली.

चौथ्या आठवड्यात तोंड आतून सोललं, ताप आला, आणि कमरेच्या एका बाजूला पाण्यानं भरलेल्या फोडांचा पट्टा उठला. निखारा बांधल्यासारखी आग. बाजारातल्या बाया म्हणाल्या, "नागीण हाये. तोंड शेपटाले मिळालं की माणूस गेलं समजा." एकानं गेरू लावून ती उतरवली. उतरली काही नाही. गेरूनं रंगलेली कमर घेऊन मी सिस्टरपुढे जाऊन उभी राहिले.

"मावशी, पत्ता."

"मी इथी मरून राह्यली, अन् तुले पत्ता पायजे?"

"मराच्या आधी दाखवा."

मी पिशवी उपडी केली. तिनं रिकामे पत्ते टेबलावर ओळीनं मांडले, एकेका भोकावरून बोट फिरवलं. मग अगदी हळू विचारलं, "हे गोळी कधी घेता?"

"बाजारी."

"कोनत्या बाजारी?"

"कोनत्या म्हंजे? साऱ्याच."

ती ताडकन उठली. माझ्याच जीपमध्ये मला घालून, सलाईनची बाटली हातात उंच धरून ती चंद्रपूरपर्यंत आली. रस्ता कसा होता ते तुम्हाला ठाऊक असेल. वाटेत एका शब्दानं रागावली नाही. तिथल्या डॉक्टरांनी पंधरा दिवस ठेवून घेतलं आणि म्हणाले, अजून एक आठवडा तशीच गोळी खाल्ली असती तर हाती काही लागलं नसतं.

परत आल्यावर मात्र तिनं वचपा काढला. "आता आयका. आलापल्लीच्या बाजारी एक. बाकीच्या बाजारात नुसता भाव करा." आलापल्लीच का, तर त्या दिवशी पोरांना लस टोचायला ती स्वतः तिथं बसायची. एवढ्यावर थांबली नाही. बांगड्यावालीला, मिरचीवाल्याला, फुटाणेवाल्याला, सगळ्यांना सांगून ठेवलं. मी डिंकाचा भाव पाडत असायची, समोरचा नुकताच नरमलेला असायचा, आणि मागून बांगड्यावाली ओरडायची, "मावशे, गोळी घेतली का वं?" सौदा तिथंच मोडायचा.

फोड वाळले, पण आग गेली नाही. दोन वर्षं त्या बाजूला लुगड्याचा काठ लागला तरी मी किंचाळत असे. सांध्यांसाठी गोळ्या तर चालूच ठेवायच्या होत्या, आणि गोळ्या चालू तोवर नागीण पुन्हा उठू शकते, असं डॉक्टर म्हणाले. मी ठरवलं, काही झालं तरी हिला पुन्हा अंगावर येऊ द्यायचं नाही.

चारोळी घेणारा माझा नागपूरचा एक जुना व्यापारी होता. त्याचा मुलगा अमेरिकेत. एकदा बोलता बोलता म्हणाला, तिकडे म्हाताऱ्या लोकांसाठी नागिणीची लस निघाली आहे. मी त्याच्या मागेच लागले. वर्षभरानं मुलगा सुट्टीवर आला, तेव्हा थंड डब्यात घालून एक बाटली घेऊन आला. मी डबा मांडीवर धरून नागपूरहून अहेरीला आले आणि केंद्रातल्या टेबलावर ठेवला.

"टोच."

तिनं झाकण उघडलं, आत पाहिलं, औषधासोबतचा कागद घडी करून कमरेला खोचला. "तीन दिवस द्या, मावशी." त्या तीन दिवसांत तिनं तो कागद मोठ्या डॉक्टरांकडून वाचून घेतला, टेलिफोनच्या बूथवरून नागपूरच्या माझ्या डॉक्टरांना विचारलं. चौथ्या दिवशी मी गेले तर पोरं कडेवर घेतलेल्या बायांची ही रांग लागलेली. त्या रांगेसमोर ती म्हणाली, "हे लस तुमच्यासाठी नाई."

"काऊन नाई? माह्या पैशाची हाये."

"पैशाचा सवाल नाई. यात जंतू जित्ता हाये, थोडा दमवलेला. तुमच्या आंगातल्या नाक्यावरचा गार्ड घरच्याच लोकाले झोडपून राह्यला होता, म्हनून तुमचे सांधे सुजत. गोळ्या देऊन आपन त्याले झोपवला. आता गार्ड झोपला असताना मी नाक्यावरून गाडी कशी सोडू?"

रांगेतल्या बाया हसल्या. सागाच्या जंगलात राहणाऱ्या माणसाला झोपलेल्या नाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मी मात्र पेटले. आधी गोडीनं बोलले. केंद्राला पंखा देते म्हटलं, पाण्याची टाकी बसवून देते म्हटलं. माझ्या सगळ्या आयुष्यात असं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. किंमतच सांगेना. मग मी शिव्यांवर आले. म्हटलं, "सुई मारनारे लय हायेत या गावात. शंभर रुपयांत मारून घेईन."

तेव्हा ती उठून माझ्याजवळ आली आणि आवाज खाली घेतला. "माहा बाप तलावात मासे धरे. त्याले दमा होता. एक जन पुडी देत जाये. पुडी घेतली की बाप पोरावानी धावे. चार वर्षं घेतली. गावात कांजिण्या आल्या, लेकरं आठ दिवसांत खेळाले लागली, माहा बाप चार दिवसांत गेला. पुडीनं त्याचाबी गार्ड झोपवला होता. पुडीत काय होतं, हे त्याले कोनी विचारलं नाई. मीबी नाई. हे नागीन त्याच कांजिण्यांची बहीन हाये, मावशी. ज्याच्याकडे जायचं त्याच्याकडे जा. पन आधी त्याले पत्ता दाखवा."

मी डबा उचलून घरी आले. सुई मारणाऱ्याकडे गेले नाही. का गेले नाही, ते मी तेव्हा कबूल केलं नाही. उलट तालुक्याच्या ऑफिसात तिची लेखी तक्रार केली, म्हातारीला औषध नाकारलं म्हणून.

काही दिवसांनी बाटली फेकायला डबा उघडला, तेव्हा तळाशी नुसतं कोमट पाणी होतं. बर्फ कधीचाच गेला होता. आणि मला आठवलं, नागपूरहून येतानाच मांडीवर डब्यातलं पाणी डुचमळत होतं, आणि पहिल्याच दिवशी तिनं आत पाहिलं होतं. "मावशी, बर्फ वितळला, माल खराब झाला," एवढं म्हणाली असती तर भांडणच झालं नसतं. पण मी दुसरी बाटली मागवली असती, आणि ती दुसऱ्या कोणाकडून टोचून घेतली असती. तिनं मला बरोबर ओळखलं होतं. खोटं बोलून सुटण्यापेक्षा तिनं खरं सांगून माझ्या शिव्या खाल्ल्या. मी एवढे सौदे केले, पण इतका तोट्याचा सौदा इतक्या शांतपणे करणारं माणूस दुसरं पाहिलं नाही.

दोन महिन्यांत तिची बदली झाली, नदीपलीकडच्या आतल्या गावात. माझ्या तक्रारीनं झाली की तिची पाळीच होती, हे मी कोणाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

जायच्या दिवशी ती माझ्या गोदामाशी आली. मी हिरड्याच्या पोत्यावर बसून होते. उठले नाही.

"जित्ता जंतू नसलेली लस निघंन एखाद्या दिवशी. मी स्वतः येऊन टोचीन."

"तवर मी मेली त?"

"मराले सवड हाये का तुम्हाले? हप्त्याचे पाच बाजार."

मी हसले नाही, आणि तिला चहाही विचारला नाही.

तशी लस आपल्याकडे आली, पण बरीच वर्षं गेली होती. सिस्टर तोवर निवृत्त होऊन बापाच्या तलावाकाठच्या घरी राहायला गेली होती. मी निरोप धाडला: "ये आता, बोलल्यासारखी." निरोप नेणारा परत आला आणि म्हणाला, बाईला जाऊन वर्ष झालं. म्हणजे शब्द तिनं मोडला. माझा राग आहे तो हाच.

शेवटी मी चंद्रपूरला गेले. दवाखाना स्वच्छ, गार. नर्स म्हणजे कोवळी, चटपटीत पोर. "आजी, बाही वर करा."

मी हात पदराखालीच ठेवला. "आधी पत्ता मांग."

"कशाचा, आजी? ही लस तुम्हाला चालते. डॉक्टरांनी लिहिलंय."

"चालते ते मले मालूम हाये. तू मांग."

ती डॉक्टरांच्या दाराकडे बघून हसली. मग माझं तोंड पाहून हसू आवरलं आणि म्हणाली, "बरं. दाखवा पत्ता."

मी दोन्ही पत्ते टेबलावर मांडले. तिनं एक उचलून उजेडात धरला. तिच्या कपाळावर आठी आली. बोट भोकांवरून फिरलं, अगदी तसंच.

"आजी, ही गोळी रोज नाही ना घेत? कधी घेता?"

बाजार करणं सोडून मला कितीतरी वर्षं झाली.

"आलापल्लीच्या बाजारी," मी म्हटलं. "एकच." आणि हात पुढे केला.