पाणमांजरीचा पाहुणचार

आधीच माफी मागतो. लिहिणं हे काही आमच्या घरचं काम नव्हे. आमच्या घराण्यात आजवर झालेलं सर्वांत मोठं लेखन म्हणजे वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, मासळीच्या गाडीवरची पाटी : 'आज बोंबील नाही.' (तीसुद्धा शेजारच्यांकडून लिहून घेतलेली.) कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. तेव्हा काही चुकलं तर मला बोला, कॉलेजला बोल लावू नका.

मी पहिल्या वर्षाला होतो. वारज्यात नदीकाठी आमची वस्ती. घरामागे पाणकणसांची दाट झाडी, तिच्यापलीकडे मुठा. मागच्या अंगणात अण्णा टपात जिवंत मरळ ठेवायचे. एका सकाळी पाहतो तर टप आडवा, मरळ गायब आणि चिखलात पंजांचे ठसे!

"बोका!" अण्णा ओरडले. "जाळं आण. आज सोडत नाही त्याला!"

मी वाकून ठसे पाहिले. बोटांच्या मध्ये पडदा होता. नेमकं हेच नुकतं वर्गात शिकवलं होतं! (इतकी ताजी विद्या इतकी लगेच उपयोगी पडल्याचं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.)

"अण्णा, ही पाणमांजर आहे," मी चाचरत म्हणालो. "तिला कायद्याचं संरक्षण आहे."

"आणि माझ्या मरळीला?"

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "घाला अजून कॉलेजात. आपल्याच विरुद्ध साक्ष द्यायला शिकतोय."

पण दोन-तीन दिवसांनी अण्णा नदीवरून आले. बराच वेळ पाय धूत बसले. मग म्हणाले, "लेकुरवाळी आहे रे. मागं दोन पिल्लं पोहत होती. टपावर झाकण ठेवत जा." बस. त्या दिवसापासून ती 'आपली' झाली. शेजारच्या शेवंताकाकू तर धुणं धुताना तिची चौकशी करू लागल्या, माहेरपणाला आलेल्या मुलीची करावी तशी.

आणि तेवढ्यात कळलं, की काठाने फिरायला रस्ता होणार आणि पाणकणसांची झाडी साफ होणार. म्हणजे पिल्लांसकट तिचं घरच जाणार! मी धीर करून वनखात्यात गेलो. तिथले साहेब चांगले होते, पण स्पष्ट होते.

"पाणमांजर आहे म्हणता, तर फोटो हवा. तुम्ही पाहिली, वडिलांनी पाहिली, हे कागदावर चालत नाही."

त्यांनी झाडाला एक कॅमेरा बांधला. समोर काही हललं की आपोआप फोटो निघायचा. जाताना सगळ्यांना बजावलं, "खायला काही टाकायचं नाही. तिकडे फिरकायचंही नाही. माणसाचा वास आला की ती येत नाही."

"अजिबात नाही साहेब!" वस्ती एका सुरात म्हणाली. मी तर पाटीच रंगवली : 'पाणमांजरास खाऊ घालू नये.' (घराण्यातलं दुसरं लेखन.)

आठवड्याने साहेब आले. अण्णांच्या गाडीवर लॅपटॉप उघडला. भोवती सगळी वस्ती. शेजारच्या सोसायटीतले जोगळेकर काकाही आले. जन्म पेठेत गेलेला, घरात अंडंसुद्धा वर्ज्य, पण पाणमांजरीसाठी सह्या गोळा करत फिरले होते.

पहिला फोटो उघडला. पहाटेची वेळ, चार पायांवर रांगणारी एक आकृती.

"आली!" मी ओरडलो.

ते अण्णा होते. हातात मरळ!

"अण्णा!"

"अरे, फोटोला यायची म्हणजे उपाशी पोटी येईल का?"

दुसऱ्या फोटोत शेवंताकाकू, पदराखाली सुकट. "बाळंतिणीला नुसतं कसं ठेवायचं?" तिसऱ्यात आई. (भाकरीसकट!) चौथा फोटो आला आणि गर्दी पुढे वाकली. नाकाला रुमाल, हातात सांडशी आणि सांडशीत बांगडा. जोगळेकर काका!

"सांडशी घरातली नाही," काका ताठ उभे राहून म्हणाले. "नवीन आणली. आणि आपण माझ्याकडे असं पाहू नये. मी खात नाही म्हणून पाहुण्याने खायचं नाही, असा आमच्याकडे नियम नाही."

"आणि बांगडा माझ्याकडून नाही नेला होय!" अण्णांना तेवढंच लागलं.

साहेबांनी पुढचा फोटो उघडला. त्यात मी होतो. माझ्याच पाटीला टेकून चिलापी मासा ठेवत होतो. पाटीवरचं अक्षर छान आलं होतं.

"पाणमांजर सोडून बाकी सगळे प्राणी आलेत," साहेब म्हणाले. "आता एकच आठवडा. मग काम सुरू होईल."

मला इतकी लाज वाटली, की राखणीची जबाबदारी मीच घेतली. रोज पहाटे काठी आणि पुस्तक घेऊन झाडीच्या तोंडाशी बसायचो. एक माणूस आत जाऊ दिला नाही. अण्णा आले, परत पाठवले. काका सांडशी घेऊन आले, परत पाठवले. पण पाणमांजर काही आली नाही. कॅमेऱ्यात रोज एकच फोटो : पुस्तक वाचता वाचता डुलक्या काढणारा मी.

मग आठवडा संपायच्या आतच परीक्षा आली. केंद्र हडपसरला, म्हणून तिथल्या मित्राकडे राहायला गेलो. मन सगळं नदीवर. शेवटचा पेपर देऊन परतताना स्वारगेटला बस बदलत होतो, तेवढ्यात अण्णांचा फोन आला.

"अरे, आली! मादी आणि दोन्ही पिल्लं, तिघंही फोटोत! साहेब म्हणाले, झाडीला कुणी हात लावणार नाही. रस्ता वरच्या अंगानं जाणार."

गर्दीत उभा राहून मी डोळे पुसले. "कधी आली, अण्णा?"

अण्णा जरा घुटमळले. "तू हडपसरला गेलास ना? त्याच पहाटे. मग रोज येतीये. साहेब म्हणत होते, घाई नसेल तर अजून थोडे दिवस तिकडंच राहू दे त्याला."

आता शिक्षणासाठी मी हडपसरलाच राहतो. घरची, त्या काठाची फार आठवण येते. वर्गात कुणी विचारतं, पाणमांजरींसाठी तू नक्की काय केलंस? मी खरं तेच सांगतो : निघून आलो.