गोदूचं विरजण

कुमुद पिंपळीकरांना कुणी काही सांगायला गेलं, की त्या आधी विचारतात, "तुम्हाले कुठून कळलं?" दूधवाल्याने भाव वाढणार म्हटलं तरी हेच, आणि शेजारणीने कुणाचं लग्न मोडल्याची बातमी आणली तरी हेच. बातमी आणणारीचा निम्मा उत्साह तिथेच संपतो. पण कुमुदताईंचाही इलाज नाही. त्यांनी अडतीस वर्षं रायपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. ट्रंक कॉल जोडताना दोन्हीकडचं थोडंफार कानावर पडायचं. एकाच भांडणाच्या दोन हकिकती इतक्या वेळा ऐकल्या, की कुणाच्याही नुसत्या सांगण्यावर भरवसा ठेवायची सवयच सुटली.

निवृत्त झाल्यावर वर्षभर त्यांनी घरच्यांना छळलं आणि मग लेखकांना गाठलं. ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणाऱ्यांशी गप्पा मारायचा पॉडकास्ट त्यांनी सुरू केला आणि त्याचं नाव ठेवलं 'कुठून कळलं'. तात्यापारा या रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीतल्या घरात मधल्या खोलीला खिडकीवर गोधडी टांगायची, आवाज येतो म्हणून पंखा बंद करायचा, मे महिना असला तरी, आणि पलीकडच्या गावातल्या लेखकाला फोन लावायचा. लढाया, तह, गाद्या असल्या गोष्टींत बाईंना रस नाही. तुमच्या सरदाराने त्या सकाळी काय खाल्लं, भांडी कुणी घासली, आणि हे तुम्हाला कुठून कळलं, एवढंच त्या विचारतात. एका नामवंत गृहस्थांनी साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या मावळ्यांना बटाट्याची भाजी वाढली होती. ताईंनी बटाट्याची चौकशी सुरू करताच त्यांच्या फोनची रेंज जी गेली, ती पुन्हा आलीच नाही.

ऐकणारे चारशे-साडेचारशे. त्यांतली सगळ्यांत नेमाची म्हणजे त्यांची सून मीनल. ती जबलपूरची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत देते. नवा रायपूरला सरकारी कचेरीत नोकरीला आहे आणि जाता-येता बसमध्ये सासूबाईंचा कार्यक्रम ऐकते. घरात दिवसभर ऐकून पोट भरत नाही का, असं तिचा नवरा विचारतो. ती इअरफोन पर्समध्ये टाकते आणि निघते.

यंदा फेब्रुवारीत नागपूरच्या देवश्री हरकरे या लेखिकेची कादंबरी कुरिअरने आली. चारशे पानं. भोसल्यांची फौज नागपूरहून छत्तीसगडात उतरली, तिच्यामागून चालत आलेल्या एका बाईची गोष्ट. कुमुदताई खुशीत वाचायला बसल्या, कारण पाऱ्यातली बरीच मराठी घरं त्याच काळापासून इथली. साठाव्या पानावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कादंबरीतल्या बाईचं नाव गोदू होतं. तिने एका वाटीत विरजण घेतलं होतं आणि प्रत्येक मुक्कामाला मिळेल त्या दुधाला ते लावत, मोडू न देता, तिने ते रायपूरपर्यंत आणलं होतं. पुस्तकाच्या शेवटी लेखिकेने रायपूरच्या मौखिक परंपरेचे आभार मानले होते.

ही मौखिक परंपरा म्हणजे खुद्द कुमुदताई होत्या.

झालं होतं असं. चौऱ्याऐंशी साली पाऱ्यातल्या गणेशोत्सवाची स्मरणिका छापायला गेली होती आणि सदर बाजारातल्या एका दुकानाची जाहिरात आयत्या वेळी आलीच नाही. अर्धं पान कोरं. संपादक होते नरहरकाका. ते एक्स्चेंजच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, पोरी, काहीतरी लिहून दे. कुमुद तेव्हा चोवीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं. डब्याच्या सुट्टीत तिने पेन्सिलीने अर्धं पान खरडलं. फौजेबरोबर आलेली गोदू, तिची वाटी, तिचं विरजण, आणि आपल्या सगळ्यांच्या घरचं दही त्याच विरजणाचं. नरहरकाकांनी लिहिणारीचं नाव न टाकता वर 'पारंपरिक कथा' असं छापून टाकलं. पारंपरिक म्हटलं की लोक वाचतात, असा त्यांचा अनुभव. कुमुदलाही त्यात गंमत वाटली.

दोन वर्षांनी कुणीतरी हळदीकुंकवात ते अर्धं पान वाचून दाखवलं आणि नव्याने आलेल्या सुनेच्या हातात विरजणाची वाटी दिली. तेव्हापासून पाऱ्यात नवी सून आली की तिला गोदूची वाटी मिळते. कुमुदताई प्रत्येक वेळी गर्दीत उभ्या राहून हसायच्या. आता सांगू, मग सांगू, करता करता चाळीस वर्षं गेली. सहा वर्षांपूर्वी मीनल आली, तेव्हा तिला वाटी द्यायचा मान सासू म्हणून त्यांच्याकडेच आला आणि त्यांनी तो घेतला. पुढे एकदा मीनल म्हणाली होती, पहिल्या वर्षी या घरात सगळं परकं वाटायचं, भाषासुद्धा, एक ती वाटी तेवढी आपली वाटायची. तेव्हा तर सांगायची वाटच बंद झाली.

आता मात्र पंचाईत होती. लेखिकेची तारीख ठरली होती, दोन आठवडे हातात. तिला नेहमीचा प्रश्न विचारला, की उत्तर फिरून आपल्याच दारात येणार. न विचारावा, तर पाच वर्षं दुसऱ्यांची उलटतपासणी घेतली ती कोणत्या तोंडाने? आणि खरं बोलावं, तर त्या पोरीच्या चार वर्षांच्या कामावर पाणी, पाऱ्यातल्या बायकांचा विरस, आणि मीनलची वाटी खोटी. झोप उडाली. पण कुमुदताईंचा स्वभाव असा, की त्या घाबरल्या तरी चौकशी थांबत नाही. त्यांना मनापासून कुतूहल वाटू लागलं की आपण मारलेली ही थाप लोकांना नेमकी कुठून कळली. पिशवी घेऊन त्या निघाल्या.

पहिल्यांदा पाऱ्यातल्या गंगाधरकाकांच्या बायकोकडे, काकूंकडे. वय सत्त्याऐंशी, डोकं तल्लख. काकूंनी सांगितलं की गोदूची गोष्ट त्यांना त्यांच्या आजेसासूने सांगितली, चुलीपाशी बसून, विरजण नारळाच्या करवंटीत होतं म्हणून. कुमुदताईंनी मनात हिशेब केला. आजेसासू वारल्या त्या एकोणऐंशी साली, स्मरणिकेच्या पाच वर्षं आधी. त्यांनी हळूच विचारलं, काकू, पक्कं आठवतं? काकू रागावल्या. चुलीत ओलं लाकूड होतं, धुरानं डोळे झोंबून राहिले होते, एवढंही आठवतं म्हणाल्या. आणि काकू खोटं बोलत नव्हत्या. अडतीस वर्षं आवाज ऐकलेल्या बाईला तेवढं कळतं. करवंटी तर कुमुदताईंनी लिहिलीच नव्हती.

मग दूध डेअरीवाले धर्मपाल. ते छत्तीसगडी, पाऱ्यातल्या मराठी घरांशी त्यांचा संबंध दुधापुरता. त्यांनाही गोदू ठाऊक होती. विरजण आणलं असेल तिने, पण नुसत्या विरजणाचं दही लागतं का, असं त्यांनी उलट विचारलं. "दूध तो हमर पुरखा मन दे रिहिन, दीदी." दूध आपल्याच पूर्वजांनी दिलं, हे सांगताना ते इतके ताठ बसले होते, की कुमुदताईंना खाली मान घालावी लागली. त्यांच्या अर्ध्या पानात गोदू रायपूरला पोचली होती खरी, पण तिला इथे दूध कुणी दिलं हे लिहायचं त्यांना सुचलंच नव्हतं. विरजण आपलं आणि दूध यांचं. थापेची ही बाजू थाप मारणारीपेक्षा शहाणी निघाली.

घरी येऊन त्यांनी पिशवी ठेवली. ठरलं काहीच नव्हतं.

रेकॉर्डिंगच्या सकाळी खिडकीवर गोधडी चढली, पंखा बंद झाला. देवश्रीचा आवाज मोकळा होता. कादंबरीविषयी बरंच बोलणं झालं. बैलांना वाटेत काय चारलं, बायका कुठे नाहायच्या, पायांना भेगा पडल्या तर काय लावायच्या, सगळ्याला तिच्याकडे कागद होते, आणि जिथे कागद नव्हता तिथे ती सरळ 'हे माझ्या मनातलं' म्हणत होती. कुमुदताईंना पोरगी आवडली. त्यामुळे जास्तच अवघड झालं. शेवटी घोटभर पाणी पिऊन त्यांनी विचारलं, गोदू कुठून कळली?

देवश्रीने एक जुनी स्मरणिका सांगितली, रायपूरच्या तीन म्हाताऱ्या सांगितल्या, गोदूच्या वाटीची चाल सांगितली. एवढं सगळं एका ठिकाणी येऊन मिळतं, म्हणजे मुळात काहीतरी असणारच, असं म्हणाली.

"काही नव्हतं, बाई," कुमुदताई म्हणाल्या. "जाहिरात आली नव्हती म्हणून मीच लिहिलं ते. डब्याच्या सुट्टीत. मले माफ कर."

लाइन तुटली की काय असं वाटून त्यांनी सवयीने कान लावून पाहिलं. लाइन चालू होती. पलीकडे देवश्री पानं चाळत होती. मग तिने विचारलं, चिडून नाही, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून.

"चोवीस वर्षांच्या होत्या तुम्ही. फौज होती, घोडे होते, तलवारी होत्या. तुम्हाले दहीच काहून सुचलं?"

कुमुदताईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की हे आपण स्वतःला कधी विचारलेलंच नाही. सगळ्या जगाला विचारून झालं, एवढं सोडून. आणि मग जे आठवलं ते त्यांनी सांगितलं, माइकसमोर, शब्द न निवडता.

त्यांची आई अमरावतीकडची. लग्न होऊन बडनेऱ्याला गाडीत बसली तेव्हा आजीने तिच्यासोबत डबीत विरजण दिलं होतं. उन्हाळ्याचे दिवस. आईने गाडीभर ती डबी ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर धरली, दुर्गला स्टेशनवर उतरून फडकं पुन्हा ओलं केलं. घरी आल्यावर सासूने डबी उघडली, वास घेतला, आणि आमच्याकडे काय दही लागत नाही का, म्हणून मोरीत ओतली. आईने हे आयुष्यात एकदाच सांगितलं, कुमुद दहा-बारा वर्षांची असताना, भांडी घासता घासता. तक्रार म्हणून नाही. रडलीही नाही. डबी चांगली घासून परत ठेवली होती, एवढंच म्हणाली.

"म्हणून मी गोदूचं पोचवलं," कुमुदताई म्हणाल्या. "मले आत्ताच कळून राहिलं."

भाग शुक्रवारी गेला. त्यांनी त्यातलं काही कापलं नाही. देवश्रीने कळवलं की पुढच्या आवृत्तीत ती आभारांचं पान बदलणार आहे. तिला वाईट वाटलं होतं आणि तसं तिने लिहिलंही. ते योग्यच होतं. पाऱ्यात दोन दिवस कुजबुज झाली. काकूंनी निरोप पाठवला की कुमुदला वयाने भ्रम झालेला दिसतो, गोदूची गोष्ट तिच्या जन्माआधीची आहे.

पण कुमुदताईंचं चित्त होतं ते मीनलच्या बसकडे. शुक्रवारी संध्याकाळी त्या दारातच बसल्या होत्या. मीनल आली, चपला काढल्या, पर्स खुंटीला लावली. डोळे लाल होते. ऐकलं असणार. कुमुदताई तिच्या वाटीबद्दल बोलायला लागल्या. चूक झाली, आधी सांगायला हवं होतं, असं काहीबाही. मीनलने ते पुरं होऊ दिलं नाही. ती त्यांच्याजवळ पायरीवर बसली.

"मम्मीजी, नानी का नाम क्या था?"

कुमुदताईंनी सवयीने आपल्या आईचं नाव सांगितलं, रमा. मग त्यांना आठवलं. रमा हे सासरी ठेवलेलं. डबी ओतली त्याच दिवशी, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून, बदललेलं.

"सिंधू," त्या म्हणाल्या. "सिंधू होतं तिचं."

मीनलने ते नाव एकदा हळू म्हणून पाहिलं, आणि रात्रीचं विरजण लावायला आत गेली.