बेकरीवालीचं पेरेइरातलं घर

फोनच्या एका रिंगने माणूस किती दचकू शकतो, हे मी त्या बेकरीत पाहिलं. नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी विसरलो, पण त्या बाईचा तेव्हाचा चेहरा काही विसरता येत नाही.

न्यू जर्सीत, एडिसनजवळच्या एका गावात मी डिटेक्टिव्ह होतो. मराठी माणूस आणि अमेरिकेत पोलीस, हे ऐकून आपली मंडळी आधी हसायची आणि मग मुलाचं स्पीडिंगचं तिकीट रद्द होईल का, ते विचारायची. मी कोणाचंच रद्द केलं नाही, त्यामुळे मराठी मंडळात माझी लोकप्रियता बेताचीच होती. हक्काने यायचे ते एक काका. मूळचे पुण्याचे, निवृत्त इंजिनियर. दर वर्षी ओळखीच्या लोकांचे टॅक्स रिटर्न फुकट भरून द्यायचे, आणि न मागता सल्लेही द्यायचे.

दोन हजार चारच्या मार्चमध्ये ते स्टेशनवर आले.

"अरे, आपल्या कोपऱ्यावरच्या कोलंबियन बेकरीवालीला कोणीतरी त्रास देतंय. आज फोन वाजला आणि तिने हातातला अख्खा ट्रे सोडला. यू शुड चेक."

"तिने तक्रार केलीय का, काका?"

"ती कसली करतेय! तिकडे तिचं घर आहे, भाडं येतं, आणि इथे डिक्लेअर केलेलं नाही. मीच तिला समजावलं होतं, बाई गं, ग्रीन कार्ड आहे ना, मग जगात कुठेही इन्कम असलं तरी इथे दाखवावं लागतं. तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही."

मी साध्या कपड्यांत बेकरीत गेलो. पन्नाशीची, नीटनेटकी बाई. बॅज दाखवला तर म्हणाली, सगळं ठीक आहे. तेवढ्यात फोन वाजला. तिने तो उचलला नाही, नुसती भिंतीला टेकून उभी राहिली. रिंग थांबली तेव्हा कुठे तिने श्वास घेतला. मी दाराची पाटी उलटी फिरवली, खुर्ची ओढली आणि म्हणालो, "भाड्याचा विषय माझा नाही. फोनचं सांगा."

हळूहळू सगळं बाहेर आलं. महिनाभर एक माणूस स्पॅनिशमधून फोन करत होता. आपण डोंगरातल्या लोकांकडून, म्हणजे तिथल्या सशस्त्र बंडखोरांकडून बोलतोय, म्हणायचा. तुझं पेरेइरा शहरातलं घर आम्हाला ठाऊक आहे, खाली भाडेकरू, वर तुझी म्हातारी आई एकटी. येत्या रविवारपर्यंत पैसे दिले नाहीत, तर म्हातारीला घेऊन जाऊ. त्या काळी कोलंबियात हे रोजचं होतं. तिच्या मामाला असंच नेलं होतं आणि तो परत आला नव्हता. हे सांगताना तिचा आवाज अगदी सपाट झाला.

मला स्वतःला त्या दिवसांत झोप लागत नव्हती, हे कबूल करायला हरकत नाही. गल्लीतला दादा असता तर उचलून आणला असता. इथे धमकी देणारा कुठे आहे ते माहीत नाही, आणि माझा एक पाय चुकीचा पडला तर हजारो मैलांवर एका म्हातारीचा जीव जाणार. कोर्टाचा आदेश घेऊन फोन कंपनीकडून रेकॉर्ड मागवलं. सगळे कॉल प्रीपेड कार्डावरून आलेले, मूळ नंबर कळायची सोय नाही. म्हणजे तो माणूस कोलंबियात असू शकत होता, किंवा समोरच्या लाँड्रीतही.

शुक्रवारी मी तिला म्हणालो, "आम्ही वकिलातीतर्फे पेरेइराच्या पोलिसांना कळवतो. घरावर पहारा ठेवतील. पूर्ण पत्ता द्या."

ती ॲप्रनचा कोपरा बोटाला गुंडाळत राहिली.

"पत्ता द्या ना."

"घर पेरेइरात नाही," ती म्हणाली.

मी चांगलाच भडकलो. "अहो, मग इतके दिवस हे का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पोलीस आहात. तिकडे पोलिसांना सांगितलेलंही त्यांच्यापर्यंत पोचतं. त्यांना चुकीचं गाव ठाऊक आहे, तेवढ्यामुळेच माझी आई जिवंत आहे. आमच्याकडे कोणी विचारलं की घर कुठे, तर खरं सांगत नाहीत, ऑफिसर. ज्यांनी सांगितलं, त्यांच्या घरची माणसं गेली."

माझा राग जागच्या जागी विरला. डोक्यात एकच गोष्ट आली. धमकी देणाऱ्याला आई वरच्या मजल्यावर एकटी राहते हे खरं माहीत होतं आणि गाव मात्र खोटं. हे खरं-खोटं असं एकत्र तिने कोणाला तरी स्वतःच सांगितलं असणार.

"पेरेइरा हे नाव तुम्ही कोणाकोणाला सांगितलंत? नीट आठवा."

ती बोटांवर एकेक नाव मोजू लागली. मग तिचा हात तोंडावर गेला. काकांनी घाबरवल्यावर ती एका टॅक्सवाल्याच्या ऑफिसात गेली होती. भाडं दाखवायचं तर घराचा पत्ता लागतो, असं तिथे सांगितलं. तिने पेरेइरा म्हणून ठोकून दिलं, मग भीतीने काही न भरताच परत आली. तिचं इंग्रजी बोलण्यापुरतं, टॅक्सच्या भाषेला अपुरं, आणि टॅक्सवाल्याला स्पॅनिश येत नव्हतं. दुभाष्या म्हणून एक तरुण बसायचा, फार गोड बोलायचा, आईची चौकशी करायचा.

शनिवारी सकाळी त्या दुभाष्याला बोलावलं. गप्प राहण्याचा हक्क वाचून दाखवला, कॉफी दिली. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा. अशा माणसाला मी लगेच आरोप ऐकवत नाही. घाबरलेला माणूस गप्प बसतो, पण निर्धास्त माणसाला बोलायची हौस असते. मी त्याच्याकडे मदत मागितली. म्हणालो, एका बाईला कोलंबियातून धमक्या येतायत, तुला तिकडची माहिती आहे, ही टोळी खरी असेल का?

"खरी असणार, सर. तिकडे फार वाईट चाललंय. बाईंनी पैसे देऊन टाकावेत."

"पण आम्ही कालच तिकडे पहारा लावलाय."

"पेरेइरात? तिथे पोलीस काय करणार, सर!"

मी पेन खाली ठेवलं. खोलीत ना मी गावाचं नाव घेतलं होतं, ना बाईचं. त्यालाही ते कळलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण कपाळावर घाम आला. त्याच्या गाडीत वापरलेली प्रीपेड कार्डं सापडली, आणि दुपारपर्यंत त्याने कबुली दिली. डोंगरातलं कोणी त्याच्या सात पिढ्यांत नव्हतं. इन्कम लपवलेली बाई पोलिसांकडे जाणार नाही, एवढाच त्याचा हिशेब होता.

पुढे काकांनीच तिला वकिलाकडे नेलं. जुने रिटर्न दुरुस्त झाले, दंड भरला, खरा पत्ता करखात्याला कळला. मला तिने सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. खोटं बोलणारा समोर आला की पोलिसाला तो गुन्हेगारच वाटतो. मलाही वाटायचा. त्या केसनंतर मी आधी विचारायला शिकलो, की हा माणूस खोट्याआड कोणाला जपतोय.

तीन-चार वर्षांनी तिने आईला इथे आणलं. मी ब्रेड घ्यायला गेलो तर काउंटरमागे एक ठेंगणी म्हातारी पाव पिशवीत भरत होती. मुलीने ओळख करून दिली. मला चार शब्द स्पॅनिश यायला लागले होते. सहज, प्रेमाने विचारलं, "आजी, तुमचं गाव कोणतं?"

आजींचा हात पिशवीत तसाच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि मग मुलीकडे.

"पेरेइरा," त्या म्हणाल्या.