राणीच्या झग्याची खळ

आज पार्सलनं नवी बाहुली आली. तिच्या अंगावर एका राणीच्या राज्याभिषेकाच्या झग्याची हुबेहूब छोटी नक्कल; माझ्या संग्रहातली ही एकतिसावी बाहुली. खोकं उघडताच कापडाच्या खळीचा वास आला आणि मी लातूरच्या आमच्या भाड्याच्या खोलीत जाऊन पोचले.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. अण्णा नव्या कचेरीत शिपाई होते. उद्घाटनाला कापलेली लाल साटीनची फीत त्यांनी माझ्यासाठी जपून घरी आणली. कॅलेंडरवरच्या एका राणीचं चित्र समोर ठेवून आईनं त्या फितीचे तुकडे जोडले, जुन्या धोतराचं अस्तर लावलं आणि माझ्या चिंध्यांच्या बाहुलीला झगा शिवला. पण त्याचा घेर काही केल्या उभा राहीना.

"आई, खळ दे की गं त्याला."

"प्यायला पानी न्हाई, आन् तुझ्या राणीला खळ?" आई म्हणाली. दुष्काळच तसा होता. टँकर आला तर आला. मी रुसून बसले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, तर खिडकीत बाहुली उभी आणि झगा छत्रीसारखा फुललेला! आईनं भाताची पेज अस्तराला लावली होती. एरवी दुपारी तीच पेज ती मीठ घालून प्यायची. त्या दुपारी ती काय प्याली असेल, हे आज मनात येतं. तेव्हा मात्र मी बाहुली उचलली आणि गल्लीत धूम ठोकली.

आई दारातून हसत ओरडली, "अगं हळू! राणी हाय ती, राण्या अशा पळत न्हाईत!"