अंगठाभर हवा

नंदूचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. नंदू म्हणजे अवीचा धाकटा भाऊ. "सर, दादा गेला," तो म्हणाला, "शेखाडीकडच्या उतारावर सायकल घसरली." माणूस गेल्याची बातमी ऐकून आधी रडू यायला हवं. मला आधी त्या शब्दाचा राग आला. अवी दुसऱ्या कशानेही गेला असता, पण घसरून... आता काही आठवडे उलटलेत आणि रडूही येऊन गेलंय, पण तो राग आहे तिथेच आहे. म्हणून लिहायला बसलोय.

अवी आणि मी दिवेआगरच्या एकाच शाळेत शिकवायचो, तो विज्ञान आणि मी मराठी. चक्रीवादळात त्याच्या वाडीतल्या सुपाऱ्या मुळापासून आडव्या झाल्या, तेव्हा अख्खं गाव कपाळाला हात लावून बसलं होतं. अवीही बसला, आणि मग उठून त्याने एक गिअरची सायकल आणली. सुपारी पुन्हा धरायला वर्षं लागणार, तोवर वाडीकडे बघत बसलो तर वेड लागेल, असं त्याचं म्हणणं. पन्नाशीच्या माणसाने चड्डी घालून सायकल मारायची म्हटल्यावर गावाला तेवढीच करमणूक. मीही थट्टा केलीच. पुढे त्याच्या नादाने मीही एक जुनी सायकल घेतली आणि रविवारी त्याच्या मागून धापा टाकत जाऊ लागलो.

त्याचं खरं वेड सायकलीचं नव्हतं, टायरचं होतं. आमच्याकडे रस्ता एका जातीचा नसतो. पावसाची सर जाते, ऊन पडतं, डांबर वाळून खडखडीत होतं. पुढच्या वळणावर आंब्याखाली तोच रस्ता ओला, आणि वाडीत शिरायची पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडांची पायवाट, तर शेवाळाने हिरवीगार. कोरड्यात पळेल आणि ओल्यात धरेल असा टायर कुठून आणायचा? आधी त्याने मोठाल्या बटणांचे, म्हणजे रबराच्या जाड उंचवट्यांचे टायर आणले. चिखलात ते ट्रॅक्टरसारखे चालायचे, पण कोरड्या डांबरावर घरघर करत मागे ओढायचे, आणि रबर इतकं कडक की ओल्या जांभ्यावर काही धरेना. मग जवळपास गुळगुळीत टायर आणले. ते वाऱ्यासारखे पळाले आणि पहिल्याच पाखाडीवर त्याला आडवं करून मोकळे झाले. शेवटी दुकानात जाऊन तो प्रत्येक टायरला नख लावून बघायला लागला. नख रुतलं तर रबर मऊ, मऊ असेल तर ओला दगड धरणार. दुकानदाराला वाटायचं, गिऱ्हाईक टायर घेतंय की वांगी?

अखेर जोडी जमली ती बेजोड टायरांची. पुढे रुंद, मऊ रबराचा आणि विरळ बटणांचा. मागे कडक, बारीक आणि दाट बटणांचा, पळायला हलका. मी म्हटलं, "एका पायात बूट, एका पायात चप्पल, असं काय रे हे?" तो म्हणाला, "मागचं चाक घसरलं तर पाय टेकता येतो. पुढचं घसरलं तर दात टेकतात." हे त्याने नववीच्या वर्गातही शिकवलं, घर्षणाच्या धड्यात.

आणि हवा... आमच्याकडे सायकल म्हणजे नारळाचं पोतं वाहायची वस्तू. टायर दगडासारखा टणक हवा, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. अवी मात्र हवा कमी ठेवायचा. अंगठा दाबला की टायर थोडा आत गेला पाहिजे. तसा टायर दगडावर पसरतो आणि त्याला धरून ठेवतो, टणक टायर दगडावरून उडतो. टपरीबाहेर त्याची सायकल दिसली की येणारा जाणारा टायर दाबून बघायचा. "गुर्जी, हवा न्हाय हो यात." अवी मान डोलवायचा. एकदा आमच्या शाळेतल्या शिपायाने, अवी तासावर असताना, मायेने दोन्ही टायर टम्म फुगवून ठेवले. त्या संध्याकाळी घराजवळच्या पाखाडीवर अवी पडला, कोपर सोलवटलं. दुसऱ्या दिवशी शिपायाला म्हणाला, "हवा भरलीत, बरं केलंत हां." एवढा तो भला, आणि भलेपणाचं हे असं होतं.

त्या रविवारी मला ताप होता, म्हणून तो एकटा गेला. मी पोहोचलो तेव्हा त्याला नेलेलं होतं, सायकल कडेला पडली होती. उतारावरच्या त्या वळणावर झाड नाही, रस्ता लख्ख वाळलेला. पुढचं चाक धड होतं, साधा ओरखडा नाही. मागचं भाजलेल्या पापडासारखं दुमडलेलं. माणूस घसरून पडला तर मागचं चाक असं होत नाही. ते मागून काहीतरी येऊन आदळलं तरच होतं. मी हे तिथे मोठ्याने बोललो. कुणी माझ्याकडे बघेना.

दहाव्याला नंदूने मला बाजूला घेतलं. "सर, कुणाला शोधायचं? रविवारी गाड्यांची रीघ असते. आणि दादाच्या टायरात हवा नसायची, हे सगळ्यांना ठाऊक आहे." दोघा भावांच्या एकत्र घरातल्या नंदूच्या चार खोल्या पर्यटकांना दिलेल्या असतात. शेजाऱ्याच्याही असतात. वादळानंतर गाव सुपारीवर उभं नाही, त्या खोल्यांवर उभं आहे. गाडीचं नाव घेतलं की चौकशी आली, उतारावर अडथळे आले, नाक्यावर अडवाअडवी आली. घसरलेल्या टायरमुळे कुणाची खोली रिकामी राहत नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून अवीला घसरवलं. वादळापासून ज्याने न घसरण्याचाच अभ्यास केला, त्याला. मागचं चाक आणि सांगाडा भंगारात गेला, तेही मला नंतर कळलं.

मला खुपत होती ती सुनीतावहिनींची गोष्ट. गावाने काय मानायचं ते मानावं, पण आपला नवरा हवा न भरल्याच्या गबाळेपणाने गेला असं त्यांनी मानू नये. म्हणून मागच्या आठवड्यात गेलो. पडवीत कोयत्याशेजारी खुंटीला ते पुढचं चाक टांगलेलं होतं, बटणांच्या खाचांत लाल माती तशीच. सवयीने अंगठा दाबला. टायर दगडासारखा टणक होता.

मला राहवलं नाही. टोपण काढलं, नखाने व्हॉल्व्ह दाबला आणि हवा सोडायला लागलो. आवाज ऐकून वहिनी बाहेर आल्या. आता यांना काय सांगायचं, म्हणून मी सुरुवात केली, "वहिनी, अवीच्या टायरात हवा कमी होती ती..."

"मला माहीत आहे, सर," त्या म्हणाल्या. "ती तेवढीच हवी. मी रोज सोडते. भावोजी रोज भरतात, म्हणतात हवा असती तर दादा गेला नसता."

"तुम्ही बोलला नाहीत कधी."

"याच घरात राहायचंय मला." त्यांनी खोल्यांकडे पाहिलं. तिथे कुणाचे तरी ओले टॉवेल दोरीवर वाळत होते. "ह्यांनी स्वतः भरलेली हवा तर केव्हाच गेली."

मग त्यांनी पुढे होऊन टायरवर अंगठा दाबला. थोडा आत गेला. "अजून जराशी," त्या म्हणाल्या. मी जराशी सोडली. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं, माझ्या हातातून टोपण घेतलं आणि घट्ट लावून टाकलं.