माटवीला टाळून नेलेला पाइप

सावंतवाडीजवळच्या एका लाकडी खेळण्यांच्या कारखान्यातली धूळ कशी गेली, याविषयी सध्या दोन हकिकती सांगितल्या जातात. कारखान्याचा मालक गिऱ्हाइकांना सांगतो की, कोल्हापूरहून मोठी मोटर आणली आणि प्रश्न मिटला. मालकाची आई सांगते की, गणपतीने केले. दोन्ही हकिकती चुकीच्या आहेत. पहिली अधिक चुकीची आहे, कारण तीत दर खेपेस मोटरचा आकारही वाढतो.

मी पत्र्याचे काम करणारा माणूस. धूळ ओढून नेणाऱ्या पाइपांना आम्ही डक्ट म्हणतो. गोव्यातल्या कारखान्यांत ते बसवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. निवृत्त होऊन गावी परतल्यावर या कारखान्याचा डक्टही मीच बसवला. त्यात चार काटकोनी बेंड होते. तेही मीच घातले. ही गोष्ट दोन्ही हकिकतींत येत नाही, म्हणून मला लिहावे लागत आहे.

कारखाना मालकाच्या राहत्या घरातच आहे. ज्या मोठ्या खोलीत वर्षभर लाकूड कातायचे लेथ चालतात, तिथेच चतुर्थीला गणपती बसतो आणि त्याच्या डोक्यावर फळापानांनी सजवलेली लाकडी चौकट, म्हणजे माटवी, टांगली जाते. माटवीचे चार आकडे छताला बारमाही असतात. त्यांच्या खालून भुशाचा पाइप न्यायचा नाही, असे मालकाने मला सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. ते विचारण्याजोगे आहे असे आम्हा दोघांनाही वाटले नाही. तेव्हा पाइप सरळ जाता जाता भिंतीकडे वळला, भिंतीलगत गेला, पुन्हा खोलीत आला आणि मग आपल्या वाटेला लागला.

काटकोनात वळताना वाऱ्याचा जोर मोडतो. जोर मोडला की भुसा वाहत नाही, तळाला बसतो. हे मी आयुष्यभर इतरांना शिकवले होते. भरपाई म्हणून मी पाइप दोन इंच रुंद घेतला. ही दुसरी चूक, कारण रुंद पाइपात वारा संथ होतो. हेही मी शिकवले होते.

या सगळ्याचा भार पाइपाच्या धूळ ओढणाऱ्या शेवटच्या तोंडाशी बसणाऱ्या बाईवर पडला. ती जवळच्या ख्रिस्ती वाडीतली. लेथवरून उतरलेली लाकडी आंबे-केळी मशीनच्या पट्ट्यावर घासून गुळगुळीत करण्याचे काम तिचे, आणि सर्वांत बारीक धूळ त्याच कामात उडते. खोकला वाढला, तेव्हा डॉक्टरांनी तिला धुळीतून बाहेर पडायला सांगितले. गोव्यात भावाची खानावळ होती. तिथे भांडी घासायला जायचे तिच्या मनात नव्हते. महिनाअखेरपर्यंत फरक पडला नाही तर जाईन, असे तिने मालकाला सांगितले.

मालक माझ्याकडे आला. "काकानू, मोटर मोठी आणूया. पाइपाक काय्येक झाला नाय, पाइप झकास आसा."

माझ्या पाइपाची स्तुती होत असल्यामुळे मी विरोध केला नाही.

मोठी मोटर आली. जवळच्या पहिल्या लेथपाशी ती मूठभर भुसा एका दमात ओढू लागली. शेवटच्या तोंडाशी मी वर्तमानपत्राची पट्टी धरली. पट्टी जेमतेम हलली.

"काका," ती बाई म्हणाली, "तुमच्या पाइपात धूळ वाटेत खंय इसवता काय?"

तिने थट्टेने म्हटले होते, पण धूळ वाटेत विसावत होती हे खरे होते. मी पाइप बोटाने वाजवत गेलो. भिंतीजवळ आवाज बद्द झाला. तिथला बेंड उघडला, तर आतला भुसा गोणभर निघाला. मालकाची आई दारात बसून भाजी निवडत होती. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे आणि ते विसरू देत नाही.

"हो पाइप भिंतीसून कित्याक फिरवलंस रे?"

मी माटवीच्या आकड्यांकडे बोट दाखवले.

"तुका कोणी सांगितला?"

"सांगूक कित्याक होया? म्हायत आसा."

"आणि माका कोण विचारूक इलो? चतुर्थीत कारखानो बंदच आसता. तेवढे दिवस मधलो तुकडो काढून ठेव. थंय ती बाय खोकान मरता, आणि तुम्ही मेल्यांनो आकड्यांका वळसो घालतास."

काढता-घालता येणारा तुकडा करणे पत्र्याच्या कामात सोपे नसते, असे मी तिला ऐकवले. ते सोपे असते.

चार दिवसांत मी सगळा डक्ट उतरवून नवा बसवला. अरुंद, सरळ, आकड्यांच्या बरोबर खालून जाणारा आणि मधला तुकडा चतुर्थीला काढता येईल असा. मशिनींचे फाटे काटकोनात न जोडता तिरके जोडले आणि बंद मशीनचे तोंड मिटावे म्हणून प्रत्येकाला सरकती झडप दिली. नवी मोटर मी मुद्दाम उतरवली आणि चाचणी जुन्या मोटरवर घेतली. शेवटच्या तोंडाशी पट्टी मालकानेच धरली होती. ती त्याच्या हातून सुटून तोंडावरच्या जाळीला चिकटली. दुसऱ्या दिवशी त्याने नवी मोटर परत चढवली, कारण ती आणलेली होती. आज ती फिरताना दिसते म्हणून श्रेय तिला मिळते. गणपतीविषयी माझे काही म्हणणे नाही. तोड त्याच्या भक्तिणीने सुचवली, आणि ते श्रेय ती स्वतः का घेत नाही, हे मला कळलेले नाही.

ती बाई दोन दिवस नव्या तोंडाशी बसून आंबे-केळी घासत राहिली. खोकला एका दिवसात जात नाही, हे तिलाही ठाऊक होते. तिसऱ्या दिवशी तिने मला हाक मारली.

"काका, ह्यां तोंड जरा पलीकडे सरकवा. हात आपटता."

ते अंतर मोजून ठेवले आहे, असे मी सांगितले.

"मोजलास तुमी, बसतंय मी. फुडल्या म्हयन्यात आंब्यांची मोठी ऑर्डर आसा. रोज हात आपटून घेव काय?"

मी तोंड चार बोटे सरकवले. माझ्या मते ते आधीच्याच जागी बरोबर होते.