नंबर लावलेली पायताणं

कोल्हापुरात एखादी गोष्ट उत्तम आहे हे सांगायला दोन शब्द पुरतात: एक नंबर. मिसळ एक नंबर, म्हैस एक नंबर, आणि लग्नाला सहा महिने व्हायच्या आत सूनही एक नंबर. आकडा एकने वाढला की मात्र धंदा चोरीचा होतो. तरी शाळेत पोराचा दुसरा नंबर आला की घरचे पेढे वाटतात, तेव्हा कुणाला संशय येत नाही. कॉलेजात प्रवेश मिळाला तरी नंबर लागतो आणि डोळे अधू झाले तरी नंबरच लागतो. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत मयतीहून परतलेले म्हातारे कट्ट्यावर बसून आता पुढचा नंबर कुणाचा यावर वाद घालायचे. एरवी कुठेही मागे न राहणारी ही माणसं त्या एका बाबतीत दुसऱ्याला आग्रहाने पुढे करत. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. हा शब्द आपल्याकडे येऊन इतकी कामं करतो हे तिकडच्यांना कुणी कळवलेलं नसावं.

आमच्या घरात मात्र नंबर म्हणजे आईच्या चष्म्याचा. ती ब्लाउज शिवायची. पेठेतल्या तीन पिढ्यांची मापं तिला तोंडपाठ होती. वर्ष-दोन वर्षांनी तिचा नंबर वाढायचा, ती भिंगं बदलून आणायची आणि पुन्हा मशीनवर बसायची. एकदा चष्मेवाल्याने भिंगांची पेटी मिटली आणि सांगितलं, मावशी, आता नंबर वाढवून उपयोग न्हाय, मोठ्या डॉक्टरांना दाखवा. सुईत दोरा ओवायला ती तोवर मला हाका मारू लागली होती. मशीन बंद झालं तर ही दिवसभर काय करील, हे मी तिला कधी विचारलं नाही. स्वतःलाही नाही.

परगावचे एक नावाजलेले डॉक्टर दर गुरुवारी एका धर्मादाय दवाखान्यात यायचे आणि दुपारी एकला उठायचे. तोवर जितके तपासून होतील तितके. म्हणून पहाटेपासून तिथे नंबर लागायचे, ते माणसांचे नव्हेत, पायताणांचे. व्हरांड्याच्या कडेने आपली पायताणं ओळीत ठेवायची आणि समोरच्या कट्ट्यावर अनवाणी बसायचं. वही नाही, पावती नाही. भांडणात एकमेकांचे पूर्वज काढणारी माणसं दुसऱ्याचं पायताण बोटभरही सरकवत नसत.

आम्ही गेलो त्या गुरुवारी आईचा नंबर सातवा होता. सहावी एक बाई होती. कुरुंदवाडहून पहिल्या एसटीने सासूला घेऊन आली होती. ओळीत सासूची पायताणं ठेवून ती म्हातारीला मागच्या सावलीत घेऊन गेली.

नेमक्या त्या दिवशी दवाखान्यात नंबर देणाऱ्या यंत्राचं उद्घाटन होतं. रीतसर फीत, नारळ, शाल, आणि यंत्रापेक्षा मोठा फ्लेक्स. प्रमुख पाहुण्यांची गाडी कोपऱ्यावर आली तशी व्यवस्थापकांची धावपळ उडाली. "पायताणं काढा की ती," ते शिपायावर ओरडले, "पावणं पाय कुठं ठेवणार?" शिपायाने झाडू घेतला आणि बघता बघता पहाटेपासूनची ती सगळी ओळ कोपऱ्यात एका ढिगात लोटली.

पाहुण्यांनी फीत कापली, बटण दाबलं, पहिला नंबर काढला, तो हातात धरून फोटो काढून घेतले आणि खिशात घालून निघून गेले. त्यांचे डोळे ठणठणीत होते. मधे भाषणांत पाऊण तास गेला.

यंत्र नंबर द्यायला तयार होतं, पण आधी कुणाला ते त्याला ठाऊक नव्हतं. मग माणसांनीच ढिगातून पायताणं उचलून ओळ पुन्हा लावायला घेतली. हे माझं, त्याच्या मागं ते अंगठा तुटलेलं, तुम्ही कशाला पुढं घुसताय, तुमी तर च्या पिऊन आलासा. अर्ध्या तासाने सगळ्यांना पटेल अशी ओळ लागली. ढिगात एकच जोड उरला आणि तो कुणीतरी शेवटी नेऊन ठेवला.

कुरुंदवाडची बाई सासूला हाताला धरून आली तेव्हा तो जोड तिला शेवटी दिसला. आपण सहाव्या होतो, असं ती सांगू लागली, पण तिला पाहिल्याचं कुणी कबूल करीना. एकाने तर नवीन आलेलं माणूस असंच म्हणतं, असं सुनावलं.

"व्हय, माझ्या म्होरं तीच हुती," आई म्हणाली.

मग पलीकडून एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मग तुमचा नंबर द्या की तिला. आमी न्हाय मागं सरकणार."

मी आईचा दंड धरला. आईने वाकून, जवळजवळ चाचपतच, स्वतःची पायताणं उचलली, तिथे म्हातारीची ठेवली आणि आपली शेवटी नेली. ती बाई, आक्का, आक्का, असं काहीतरी म्हणत होती. आईने तिला हाताने गप्प केलं.

एकला डॉक्टर उठले. आईच्या पुढे अजून चारजण होते.

घरी येताना मी बरंच बोलले. तुझ्या डोळ्यांपेक्षा तिची सासू जास्त का, असंही म्हणाले. आई गल्लीच्या तोंडाशी थांबली. "आपलं घर हितं हाय. ती म्हातारीला घिऊन परत कवा येणार?" एवढंच म्हणाली आणि चालू लागली.

पुढच्या गुरुवारी डॉक्टरांनी तिला तपासलं. उजवा डोळा फारसा सुधारायचा नाही, डाव्याचा मोतीबिंदू काढता येईल, असं ते म्हणाले. ऑपरेशन झालं, दीडेक महिन्याने नवा चष्मा आला आणि आई मशीनवर बसली. आधीचं शिवलेलं एक ब्लाउज तिने उजेडात धरलं. मग दुसरं घेतलं. शिलाई कुठच्या कुठे गेली होती, एका बाहीला तर चुण्या पडल्या होत्या.

तिने मला घरोघर पाठवलं. वर्षभरात शिवलेलं सगळं परत मागवलं. बायका देईनात. चांगलं बसतंय की, कशाला उगंच, असं प्रत्येकीचं म्हणणं. शेवटी समोरची वहिनी स्वतः सांगायला आली की तिला तर कुठे वाकडं दिसलं नाही.

"दिसत हुतं तुला," आई म्हणाली. "आण हिकडं."

महिनाभर तिने नवं काम घेतलं नाही. दारात बसून ब्लेडने टाके उसवायची आणि पुन्हा शिवायची. त्या महिन्यात गल्लीतल्या बायकांना लग्नाकार्याला नेसायला साड्या होत्या, ब्लाउज नव्हती. तक्रार कुणी केली नाही.